कोरडा हात

१

शनिवारी सकाळी नाश्ता झाला की नागपूरला माझ्या आईशी व्हिडिओ कॉल होतो. फोन मधाच्या बाटलीला टेकवून उभा करायचा, मी आणि इंद्रनीलने दोन-दोन वाक्यं बोलायची आणि मग सानिकाला समोर बसवायचं, हा क्रम ठरलेला.

"काय जेवलीस गं आज?" आई विचारते.

"जस्ट टोस्ट, आजी. अँड एग्ज."

मग आई माझ्याकडे बघते. "काय म्हणाली?"

टोस्ट म्हणजे काय हे न कळण्याइतकी माझी आई अडाणी नाही, ती गणित शिकवून निवृत्त झालीये. तिला सानिकाचे उच्चार कळत नाहीत. सानिका इथे आयर्लंडमध्ये, डंडॉकला जन्मली, इथल्याच शाळेत जाते आणि इथल्या मुलांसारखंच बोलते. तिला मराठी सगळं समजतं. पण बोलत नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि आमचा संसार असा दोन भाषांत छान चालतो, असं मी लोकांना सांगते. खरं तर ती मला 'मॅम' म्हणते, हेही मला अजून टोचतं. इथली सगळीच मुलं आईला मॅम म्हणतात. पण नागपूरच्या फोनवर ते ऐकू आलं की मी उगाच मध्येच काहीतरी बोलून ते झाकते.

तिचीही तक्रार असणारच. शाळेच्या फाटकापाशी मी दुसऱ्या आयांशी बोलायला लागले की ती बूट बघत उभी राहते. मी बोलताना कुठला तरी शब्द आमच्या पद्धतीने उच्चारते आणि तिचे कान लाल होतात. ती कधी काही म्हणाली नाही. मीही नाही.

त्या शनिवारी मात्र तिला फोनची घाई होती. ऑक्टोबरची सुट्टी लागली होती आणि आम्ही स्लीव फॉयला जाणार होतो.

२

स्लीव फॉय हा कार्लिंगफर्ड गावाच्या डोक्यावरचा डोंगर. आमच्या घरापासून गाडीने अर्धा तासही लागत नाही. उंची फार नाही, वाटही लांब नाही, पण चढ अंगावर येणारा आणि शेवटचा टप्पा तर निव्वळ खडकांचा. सानिकाचा वर्ग उन्हाळ्याआधी तिथे जाऊन आला, तेव्हा ती तापाने घरी होती. तेव्हापासून तिचं टुमणं चाललं होतं. वरून फ्योर्ड दिसतो, असं तिच्या टीचरने सांगितलं होतं. डोंगरांच्या मधून आत घुसलेली समुद्राची लांब जीभ, अलीकडे आपण आणि पलीकडच्या काठावर उत्तर आयर्लंड.

मला डोंगरांची हौस नाही. मी इथल्या एका मेडिकल डिव्हाइस कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. काय बिघडू शकेल याचा विचार करायचाच मला पगार मिळतो. मी हवामान दोनदा पाहिलं, सानिकाला लोकरीचे हातमोजे चढवले, जांभळ्या रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"मॅम, आय'म ग्रँड," ती म्हणाली. इथे ठीक असण्याला ग्रँड म्हणतात.

"ग्रँड असशील, पण मोजे काढायचे नाहीत."

गावामागच्या गल्लीतून वाट वर निघते. नेच्याचं रान तांबूस होऊन वाळलं होतं, मधूनमधून मेंढ्या होत्या, आणि प्रत्येक वळणावर पाणी थोडं जास्त दिसायचं. निम्म्या चढावर खिंडीत पोचलो तेव्हा आख्खा फ्योर्ड समोर पसरला. वारा पडला होता. पाणी शिशासारखं दिसत होतं आणि त्यावरून एक फेरी बोट इतकी सावकाश चालली होती की थांबल्यासारखी वाटत होती. इंद्रनीलचा फोन वाजला. यूकेमध्ये आपलं स्वागत आहे, असा मेसेज.

"बघ, आपण इथेच उभे आहोत आणि फोन पलीकडे जाऊन आला," तो सानिकाला म्हणाला. तिला ते फार आवडलं.

खाली उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याने आमच्याकडे आणि मग मागे आकाशाकडे बघितलं. धुकं समुद्राकडून येतं आणि चटकन येतं, खांबांच्या खुणा सोडू नका, एवढं सांगून तो गेला.

मी म्हटलं, "परत फिरू या का?"

"अगं, ऊन आहे," इंद्रनील म्हणाला. "आणि ही परत फिरेल का?"

सानिका तोवर पुढे निघालीसुद्धा होती.

३

धुकं आलं ते मला दिसलं नाही. मी खडकात पाय कुठे ठेवायचा ते बघत होते. मान वर केली तेव्हा फ्योर्ड नव्हता. पलीकडचे डोंगर नव्हते. इंद्रनीलची लाल सॅक होती, आणि बघता बघता तिचा रंग उडाला.

"थांब जरा!" मी ओरडले.

"थांबलोय! खुणेचा खांब आहे इथे. या सावकाश."

आमच्यामध्ये घराएवढ्या उंचीचा एक कातळ होता. त्याला वळसा घालून वर जायचं होतं आणि दोन्ही हात लावल्याशिवाय जमत नव्हतं. सानिका माझा हात सोडून म्हणाली, "आय'ल गो टू डॅड," आणि खारीसारखी सरसर वर गेली. तिचे बूट माझ्या तोंडासमोरून गेले ते आठवतंय. मी मागून चढले. गुडघ्यावर रांगत वर आले, उभी राहिले, पँट झटकली आणि हात खाली सोडला.

हातात हात आला.

"आलीस?" मी म्हटलं. "बाबा कुठेय?"

"पुढे आहे."

आम्ही चालू लागलो. दहा हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. धुक्यात आवाजही नीट येत नाहीत. जवळची मेंढी लांब ओरडल्यासारखी वाटते, आणि लांब कुठेतरी घरंगळलेला दगड पायाशी पडल्यासारखा. इंद्रनील काहीतरी गुणगुणत होता, ते कधी उजवीकडून यायचं, कधी वरून.

"पाणी पिणार?" मी विचारलं.

"नको, आई."

मी बाटली परत जाकिटाच्या खिशात सरकवली. चार पावलं गेले. मला काही वाटलं नाही. म्हणजे बरं वाटलं. छातीत काहीतरी ऊबदार हललं आणि ते कशामुळे, याचा मी विचारच केला नाही.

४

विचार आला तो थोड्या वेळाने.

नको, आई.

मी मनाशी हसले. नागपूरचे फोन वाया गेले नाहीत म्हणायचे. घाबरलं की माणूस खरी भाषा बोलतं. बोलू दे. आपण कौतुक करायचं नाही, नाहीतर लाजून परत गप्प होईल.

"थंडी वाजतेय का?"

"नाही गं. तू पायाखाली बघ, निसरडं आहे."

निसरडं.

हा शब्द मी घरात कधी वापरल्याचं मला आठवेना. आमच्या घरात सगळं 'स्लिपरी' असतं. बाथरूम स्लिपरी असते, शेवाळलेलं अंगण स्लिपरी असतं. आईने फोनवर वापरला असेल? वापरला असेल. पावसाळ्यात ती गच्चीबद्दल सांगत होतीच. आणि मुलं ऐकतात. वर्षानुवर्षं ऐकतात आणि एक दिवस बोलायला लागतात. यात न पटण्यासारखं काय आहे?

मी खाली पाहिलं. रेनकोटची जांभळी टोपी दिसली, तिच्या कडेवर बारीक थेंब. चेहरा दिसत नव्हता. टोपी माझ्या कमरेपाशी हलत होती, नेहमीच्याच उंचीवर.

मग मला हात जाणवला.

माझा हात ओला होता. माझी बाही, माझे केस, पापण्या, सगळं ओलं. खडकांवरून पाणी ओघळत होतं. आणि माझ्या हातातला तो हात कोरडा होता. गारही नव्हता, ऊनही नव्हता. कागदासारखा कोरडा, आणि उघडा.

"मोजे कुठेत तुझे?" मी विचारलं. माझा आवाज अगदी साधा निघाला.

"खिशात आहेत."

"घाल की मग."

"असू दे ना, आई. मला तुझा हात धरायचाय."

किती वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबले होते! शब्दन्‌शब्द असाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी खोटं सांगणार नाही. आणि त्याच वेळी माझ्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले. दोन्ही एकदम झालं. मी त्या टोपीत वाकून बघायला हवं होतं. कुठल्याही आईने बघितलं असतं. मी समोर बघत चालत राहिले.

धुक्यातून इंद्रनीलची हाक आली. "स्वरूपा! सानिका तुझ्याबरोबर आहे ना?"

पाय जागच्या जागी थांबले. ती त्याच्याकडे गेली होती. माझ्या डोळ्यांसमोर गेली होती.

माझ्या बोटांवर हलकेच दाब आला, लहान मुलं उत्तर सुचवतात तसा.

"हो," मी म्हटलं. "आहे."

५

धुकं फाटलं ते डावीकडे, खालच्या बाजूला. एवढ्याशा खिडकीतून फ्योर्ड दिसला, उन्हात चमकणारा, आणि पलीकडच्या काठावरचं हिरवं रान. त्या उजेडासमोर उताराचा एक तुकडा स्पष्ट झाला. पुढे वाट नव्हती. गवताळ खडक होता, तो थोडा पुढे जाऊन संपत होता, आणि त्यानंतर थेट पाणी दिसत होतं.

तिथे सानिका चालली होती. जांभळा रेनकोट, हातात लोकरीचे मोजे. टोपी मागे पडली होती, म्हणून तिची वेणी दिसत होती. सकाळी मीच घातलेली.

तिचा हात एका बाईच्या हातात होता.

बाई पाठमोरी होती. निळं जाकीट, माझ्यासारखं. केसांचा सैल अंबाडा, माझ्यासारखा. तिची चाल कशी होती ते सांगता येत नाही, कारण आपण आपल्याला पाठीमागून चालताना कधी बघत नाही. पण मला ते ओळखीचं वाटलं. सानिका मान वर करून तिच्याशी बोलत होती. अखंड बोलत होती, मोकळा हात हवेत नाचवत. घरी आल्यावर शाळेबद्दल विचारलं की मला एक शब्द मिळतो. तिथे शब्दांचा पाऊस पडत होता. ती हसली, तेही मला दिसलं.

आणि दोघी कड्याकडे चालल्या होत्या, समोर फ्योर्ड बघत, अजिबात घाई न करता.

"आई," माझ्या कमरेजवळून आवाज आला, "तिकडे नको बघू."

तो आवाज सानिकाचाच होता, तिचा थोडा बसका सूर, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. मी तिथे उभी राहिले. किती वेळ, मला माहीत नाही. एखादा श्वासभर असेल. त्या श्वासात मला वाटलं की माझं मूल माझ्याजवळ आहे. हात हातात आहे. ती तिकडची दुसऱ्या कुणाची तरी मुलगी आहे.

मग मी ओरडले, "सानिका!"

बाई थांबली नाही, वळलीही नाही. सानिका वळली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा गोंधळला. मग खिडकी बंद झाली.

मी हात झटकला. तो सुटला नाही. चिकटलेला नव्हता, ओढतही नव्हता, फक्त सोडत नव्हता. मी दुसऱ्या हाताने माझीच बोटं एकेक करून उपसली आणि उताराकडे धावले. मागून कुणी रडलं नाही, हाक मारली नाही. ते जास्त वाईट होतं. पडले, गुडघा फुटला, उठले, रांगत पुढे गेले आणि तिचं नाव घेत राहिले.

"मॅम?"

अगदी जवळून आलं. मी हात लांब केला आणि ओल्या लोकरीचा मोजा हाताला लागला. ओला, थंड, चिखलाने भरलेला. मी तो धरला आणि तिला अंगावर ओढून घेतलं. ती एकटी होती. तिच्या बुटांपुढे खडक नव्हता, नुसतं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यातून खूप खालून फेरीचा भोंगा ऐकू आला.

६

इंद्रनील आवाजाच्या रोखाने आला. आधी माझ्यावर चिडला, मग माझा चेहरा बघून त्याने आम्हा दोघींना कडेपासून मागे घेतलं. सानिका त्याच्याजवळ आलीच नव्हती. कातळ चढून ती वर आली तेव्हा मॅम समोरच उभी होती, असं ती म्हणाली. त्याने ते नीट ऐकलं नाही.

आम्ही शिखरावर गेलो नाही. खुणेच्या खांबांवरून चाचपडत उतरलो. सानिका मध्ये, तिचे दोन्ही हात आमच्या दोघांच्या हातांत. मी वाटेत एकदाही मागे पाहिलं नाही. खिंडीपाशी धुकं संपलं. खाली गाव होतं, किल्ल्याचं पडकं बांधकाम होतं, लोक कॉफी पीत बाहेर बसले होते. वर डोंगराने पांढरी टोपी घातली होती.

गाडीत मी इंद्रनीलला जमेल तेवढं सांगितलं. सानिका मागे झोपली होती, किंवा मला तसं वाटलं.

"धुक्यात माणसाला स्वतःची सावली दिसते," तो म्हणाला. "ऊन पाठीमागून आलं की समोरच्या धुक्यावर पडते. नाव आहे त्याला काहीतरी."

"ऊन समोरून येत होतं."

"बरं. पण तू दमली होतीस. घाबरली होतीस. आणि हात म्हणशील तर तिने आधी तुझा हात धरला असेल, मग सोडून तिकडे गेली असेल. हो की नाही?"

"आणि मराठी?"

त्याने रस्त्यावरून नजर न काढता माझ्या मांडीवर थोपटलं. "तुला हवं होतं ते ऐकू आलं, स्वरूपा. होतं असं."

मी मान डोलावली. कारखान्यात एखादा दोष एकदाच दिसला आणि पुन्हा कधी सापडला नाही, तर आम्ही तो नोंदवून फाइल बंद करतो. मी तसंच करायचं ठरवलं.

पुढच्या शनिवारी आईने फोनवर विचारलं, "सुट्टी संपली का गं?" आणि सानिका "यॅ, आजी," म्हणाली तेव्हा मी मध्ये बोलून ते झाकलं नाही. 'यॅ' ऐकून माझे खांदे सैल झाले.

७

सुट्टीनंतर शाळा पुन्हा सुरू झाली. एका सकाळी मी स्वयंपाकघरात तिची वेणी घालत होते. ती स्टुलावर बसली होती, पाठ माझ्याकडे. बाहेर कचऱ्याची गाडी आली होती. टोस्टर तापल्याचा वास येत होता. डोंगरावरून आल्यापासून ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती आणि मीही तिला विचारलं नव्हतं.

"मॅम," ती म्हणाली, "दॅट डे. हू वॉज द लेडी?"

मी केसांचे तीन भाग केले. "कोण बाई?"

"आय थॉट शी वॉज यू."

"मग? नव्हते मी?"

तिने नाही अशी मान हलवली, केस ओढले गेले. "शी टॉक्ड लाइक मी."

तिच्यासारखं. इथल्यासारखं. मी एक बट दुसरीवर घेतली. "काय बोलत होती?"

"नथिंग. स्कूल अँड स्टफ." मग ती म्हणाली, "शी वॉज लव्हली, मॅम."

"भीती नाही वाटली तुला?"

"नो."

"आणि मी हाक मारली तेव्हा?"

ती स्टुलावर जरा सरकली. पाय हलवणं थांबलं. "आय सेड, दॅट्स माय मॅम. शी सेड, डोन्ट माइंड हर. शी वोन्ट कम."

"का नाही येणार मी?" माझा आवाज पुन्हा तसाच साधा निघाला.

"शी सेड यू हॅव वन ऑलरेडी."

गाडीने बाहेर शेजाऱ्यांचा डबा उलटा केला. बाटल्या फुटल्याचा आवाज झाला.

"सो आय लुक्ड," सानिका म्हणाली. अगदी हळू, तक्रार नसल्यासारखी. "अँड यू डिड."

मी वेणी घालत राहिले. डावी बट मधल्या बटेवर, उजवी मधल्या बटेवर. हात थांबवले असते तर ती वळून माझ्याकडे बघणार होती.